शीव पुसणारं बटण

दोन गावांचे नकाशे संगणकावर शेजारी शेजारी उघडायचे, मेनूतून 'मर्ज' निवडायचं, दोन्ही लेयरपुढे टिक करायची आणि 'रन' दाबायचं. काही सेकंदांत नवी फाईल तयार होते. फाईल झाली की काम झालं, असं आपल्याकडे धरून चाललेलं आहे. बिल लागतं, रंगीत प्रिंट निघते, साहेबांच्या केबिनमध्ये भिंतीवर चढते. मी याच धंद्यात आहे आणि धंद्यातल्या लोकांना न आवडणारी गोष्ट लिहितो आहे: हे काम त्या वेळी सुरूसुद्धा झालेलं नसतं. ते झालं म्हणून जो नकाशा सरकारदरबारी दाखल होतो तो खोटा असतो, आणि त्याचा भुर्दंड नकाशा बनवणारा भरत नाही, शिवेवर राहणारा माणूस भरतो.

मर्ज करतं काय, ते आधी बघू. पहिल्या लेयरमधले सगळे पॉलिगॉन, म्हणजे बंद आकृत्या, घेतं, दुसऱ्यातले सगळे त्यांच्या खाली लावतं आणि एका फाईलमध्ये ठेवून देतं. तेवढंच. दोन तलाठ्यांची दप्तरं एका कपाटात ठेवली म्हणून दोन गावांच्या नोंदी जुळत नाहीत. दोन्ही गावांची सामाईक शीव मर्जच्या आधी दोनदा काढलेली होती, मर्जनंतरही दोनदाच असते: एकदा या गावाच्या पॉलिगॉनची कड म्हणून, एकदा त्या गावाच्या. या दोन कडा तंतोतंत एकावर एक बसल्या तर तो योगायोग समजावा. मी तो योगायोग स्कॅन केलेल्या गावनकाशांत कधी पाहिलेला नाही.

बसणार कशा? हे नकाशे वेगवेगळ्या काळात मोजलेले, वेगवेगळ्या हातांनी काढलेले. कापडावर चिकटवलेला कागद दमट हवेत फुगला, उन्हाळ्यात आकसला, आणि लांबीत जेवढा आकसला तेवढा रुंदीत नाही. घडीवर फाटला, फाटलेल्या ठिकाणी पट्टी लागली, पट्टीखाली शिवेचा दगड गेला. मग तो स्कॅन झाला, चार-पाच खुणांवर ताणून बसवला, आणि एका ऑपरेटरने माऊसने त्यावरून रेघ ओढली. शेजारच्या गावाची शीट दुसऱ्या ऑपरेटरकडे गेली, कधी दुसऱ्या कंपनीकडे, कधी दुसऱ्या वर्षी. १:१०,००० प्रमाणाच्या नकाशावर अर्धा मिलिमीटर चुकला तर जमिनीवर पाच मीटर होतात. पाच मीटरची ही चूक एक किलोमीटरच्या शिवेला धरून चालली तर पाच हजार चौरस मीटर झाले. गुंठ्यात सांगायचं तर एकोणपन्नासच्या वर, म्हणजे सव्वा एकराला किंचित कमी. बांध वीतभर सरकला तर दोन सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात अशा मुलखात आपण सव्वा एकर माऊसच्या टोकावर इकडे किंवा तिकडे करतो आणि अहवालात त्याचा उल्लेखही करत नाही.

दोन कडा जुळल्या नाहीत की दोनच गोष्टी होतात. कुठे मध्ये फट राहते, ती जमीन कुठल्याच गावात नाही. कुठे कडा एकमेकींवर चढतात, ती जमीन दोन्ही गावांत आहे. या चिंचोळ्या पट्ट्यांना आमच्यात 'स्लिव्हर' म्हणतात आणि त्यांच्याकडे कचरा म्हणून पाहिलं जातं. माझं भांडण नेमकं इथे आहे. ती पट्टी म्हणजे त्या नकाशातली सर्वांत खरी माहिती असते. दोन अभिलेख एकमेकांशी सहमत नाहीत, कुठे नाहीत आणि किती नाहीत, हे ती मीटरमध्ये सांगते. हा पुरावा आहे, आणि आमच्या धंद्यातलं सर्वांत लोकप्रिय कसब म्हणजे तो पुसणं.

पुसायची हत्यारंही फुकट मिळतात. एक म्हणजे स्नॅप: अंतराचा एक आकडा द्यायचा, त्या अंतरातले सगळे बिंदू एकमेकांना जाऊन चिकटतात. कोणता बिंदू कोणाकडे सरकला, कुठली रेघ जागची हलली, हे बहुतेक ठिकाणी कुणी नोंदवून ठेवत नाही. दुसरं हत्यार आणखी भयंकर आहे. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये नको असलेले बारीक पॉलिगॉन निवडून शेजाऱ्यात विरघळवून टाकण्याची सोय आहे. ते कुठल्या शेजाऱ्याला द्यायचे, हे सॉफ्टवेअर विचारतं आणि तीन पर्याय देतं: ज्याचं क्षेत्र सर्वांत मोठं त्याला, ज्याचं सर्वांत लहान त्याला, किंवा ज्याच्याशी सामाईक कड सर्वांत लांब त्याला. यादीत पहिला पर्याय मोठ्या क्षेत्राचा. दिवसाला ठरावीक गावं संपवायची सक्ती असलेला ऑपरेटर पहिलाच पर्याय ठेवतो. वादातली जमीन मोठ्या गावाला मिळते, कारण ते गाव मोठं आहे. असा निवाडा एखाद्या मंडल अधिकाऱ्याने तोंडी दिला असता तर गावाने त्याला चावडीतून बाहेर पडू दिलं नसतं. सॉफ्टवेअरच्या एका चौकटीत तो रोज दिला जातो.

एक प्रकरण माझ्यासमोर घडलेलं आहे, ते सांगतो. गाव, तालुका, कंपनी कुणाचंच नाव घेत नाही. दोन तालुक्यांच्या मध्ये एक ओढा आहे. अलीकडच्या गावाच्या शीटवरून ज्याने रेघ काढली त्याने अलीकडचा काठ धरला, पलीकडच्या शीटवाल्याने पलीकडचा. दोघेही आपापल्या शीटपुरते बरोबरच होते. दोन्ही तालुके मर्ज झाले तेव्हा ओढ्याचं पात्र लांबच लांब फट म्हणून उघडं पडलं. तपासणीत त्रुटी निघाल्या. काम परत आलं, आणि 'सर, टॉपॉलॉजी क्लीन केली, आता एरर शून्य आहेत' एवढ्या एका वाक्यानिशी पुन्हा गेलं. ओढा सगळाच्या सगळा मोठ्या गावाच्या पॉलिगॉनमध्ये गेला होता. पुढे लहान गावाच्या नळपाणी योजनेच्या दुरुस्तीचा प्रस्ताव गेला आणि शेरा मारून परत आला: विहीर गावाच्या हद्दीत नाही. विहीर ओढ्याच्या पात्रात होती, जुन्या माणसांच्या आठवणीइतक्या काळापासून त्या गावाचीच होती, तिच्यावरची मोटरही त्याच गावाने बसवलेली होती. सरपंचबाई शेरा घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिल्या आणि प्रत्येक ठिकाणी त्यांना स्क्रीन वळवून दाखवण्यात आली. 'बाई, सिस्टिममध्ये बघा ना, रेष कुठून जाते.' ती रेष कुणी काढली, हे त्यांना सांगणारं कुणी नव्हतं, कारण ती कुणी काढलेलीच नव्हती. एका आकड्याने काढली होती.

त्या ऑपरेटर पोराला मी दोष देत नाही. त्याला डिप्लोमाच्या वर्गात बटणं शिकवली, जमीन शिकवली नाही. टिप्पण म्हणजे काय, फाळणी नकाशा कशाला म्हणतात, गुणाकार बुकात काय लिहिलेलं असतं, हे त्याने ऐकलेलंही नसतं. दोष आहे तो 'एरर शून्य' हे पूर्ततेचं प्रमाण मानून त्यावर सही करणाऱ्यांचा. ते शिकलेले असतात, त्यांना शीव म्हणजे काय ते माहीत असतं, आणि तरी ते सही करतात.

कायदा या बाबतीत अजिबात मोघम नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये सीमा आणि सीमाचिन्हं यांना स्वतंत्र प्रकरण दिलेलं आहे. शेजारच्या गावांचे गावकामगार एखादी रेषा सामाईक शीव म्हणून राजीखुशीने मान्य करत असतील तर त्यांच्याकडून करार लिहून घ्यायचा आणि ती आखायची. एकमत नसेल तर मोजणी करायची, चौकशी करायची आणि मग निर्णय द्यायचा. म्हणजे शीव ठरण्याचे दोनच रस्ते आहेत: संमती किंवा चौकशी. टॉलरन्स, म्हणजे स्नॅपला दिलेला अंतराचा आकडा, हा तिसरा रस्ता कुठल्या विधानसभेने मंजूर केलेला नाही. तरीही जोडलेल्या नकाशात शेकडो शिवा या तिसऱ्या रस्त्याने ठरतात, आणि पुढची प्रत्येक योजना त्या ठरलेल्या धरून आखली जाते.

नदीची शीव असली की गुंता आणखी वाढतो. नदी हलते. एका काठाची जमीन खाते, दुसऱ्या काठाला गाळ टाकते; म्हणून तर मळईच्या जमिनीसाठी याच संहितेत वेगळी तरतूद करावी लागली. एका गावाची शीट जुन्या मोजणीची आणि दुसऱ्या गावाची कड ताज्या उपग्रहचित्रावरून काढलेली असेल तर मधली पट्टी ही चूक नाहीच, ती नदीने मधल्या काळात केलेली हालचाल आहे. ती विरघळवून टाकली तर मळईचा दावा सांगणाऱ्याच्या हातातला पुरावा गेला.

विदर्भात चला. अमरावती आणि वर्धा जिल्ह्यांच्या मधून वर्धा नदी वाहते. पश्चिमेला जुना वऱ्हाड, तिथे सर्व्हे नंबरची मुंबई पद्धत आली. पूर्वेला जुना मध्य प्रांत, तिथे मालगुजारी आणि खसरा. दोन वेगळ्या राजवटींनी दोन वेगळ्या हेतूंनी मोजलेली ही जमीन आहे. त्यात जगाच्या नकाशाची एक अडचणही नेमकी इथेच येऊन बसली आहे. यूटीएम प्रक्षेपाचे पट्टे सहा-सहा अंशांचे आहेत. ४३ क्रमांकाचा पट्टा ७८ अंश पूर्व रेखांशाला संपतो आणि ४४ सुरू होतो. अमरावती शहर ४३ मध्ये पडतं आणि त्याच जिल्ह्यातलं वरूड, धामणगाव रेल्वे ४४ मध्ये. रेषेजवळच्या एकाच शेताचा पूर्व-अंक एका पट्ट्यात आठ लाख मीटरच्या पुढे जातो, दुसऱ्यात दोन लाखांच्या आत राहतो. फाईलसोबत प्रक्षेपाची माहिती सांगणारी छोटी पीआरजे फाईल असेल तर सॉफ्टवेअर हे सांभाळून घेतं. ती फाईल ईमेल करताना गळली, किंवा कुणी अंदाजाने भलताच पट्टा नेमून दिला, की अर्धा तालुका सहाशे किलोमीटर दूर जाऊन पडतो.

ही चूक मला भीतीदायक वाटत नाही. ती आंधळ्यालाही दिसते आणि म्हणून सुधारली जाते. भीती वाटते ती मधल्या मापाच्या चुकांची. जुनी टोपोशीट एव्हरेस्ट लंबगोलावर बेतलेली, आजची जीपीएसची मापं डब्ल्यूजीएस ८४ वर. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापराच्या शीट डब्ल्यूजीएस ८४ आणि यूटीएमवर आणल्या, पण कार्यालयांतल्या कपाटांत आणि हार्डडिस्कवर जुन्या शीटवरून काढलेले लेयर ढिगाने पडून आहेत. या दोहोंतला फरक दहापाच मीटरचा नसतो, त्याहून कितीतरी जास्त असतो. रूपांतर नीट न करता दोन लेयर शेजारी आणले की रस्ता तुटलेला दिसतो. मग काय करतात? लेयर माऊसने उचलून सरकवतात. रस्ता रस्त्याला मिळाला, चित्र छान दिसलं, विषय संपला. किती सरकवला, कुठल्या दिशेला, कुणी, कुठेही लिहिलेलं नाही. यानंतर त्या लेयरवर काढलेली प्रत्येक पूररेषा, प्रत्येक भूसंपादनाची हद्द त्या एका ओढाताणीवर उभी असते. निळ्या रेषेच्या आत घर पडलं की बांधकामाची परवानगी अडते. त्या घरमालकाला कोण सांगणार की तुमचं घर पुरात नाही, आमच्या लेयरखाली आलं आहे?

आकार जुळवले तरी तक्ते उरतातच. शेपफाईल या सर्रास वापरल्या जाणाऱ्या फाईलप्रकारात रकान्याचं नाव दहा अक्षरांच्या पुढे जात नाही, त्यामुळे एका तालुक्यात एक संक्षेप असतो, शेजारच्यात दुसरा, आणि मर्जनंतर दोन अर्धे रिकामे रकाने शेजारी उभे राहतात. गट नंबर १/२ असलेली यादी एक्सेलमधून फिरून आली की ती १ फेब्रुवारी होऊन येते. गावाच्या लेयरमध्ये शेतकऱ्याच्या गटाच्या जागी तारखा मी पाहिलेल्या आहेत, तपासून मंजूर झालेल्या लेयरमध्ये. २०११ च्या जनगणनेच्या लेयरमध्ये महाराष्ट्राचे जिल्हे ३५ आहेत, कारण पालघर ठाण्यातून वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. त्यानंतर औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर. कोड सोडून नावावर जोडणी करणाऱ्याच्या तक्त्यात हे जिल्हे रिकामे येतात किंवा दोनदा येतात. या चुका टाळायला अक्कल लागते, पैसा लागत नाही. त्यांची दखल घ्यायलाही इथे कुणाला फुरसत नाही.

आणि हे असंच का चालतं, तर जोडकामाला दर नाही. मी पाहिलेल्या निविदांत स्कॅनिंगला प्रति शीट दर असतो, डिजिटायझेशनला प्रति गाव दर असतो, आणि शेवटी एक ओळ असते की ठेकेदाराने अखंड एकत्रित लेयर सादर करावा. त्या एका ओळीत सगळी जबाबदारी भरली आहे आणि तिच्यापुढे रुपया नाही. ठेकेदार ते काम फुकटात करतो, म्हणजे बटणाने करतो. विभागाला ते चालतं, कारण शिवेची चौकशी काढली की दोन गावं, दोन आमदार आणि कधी दोन जिल्हाधिकारी कामाला लागतात. बटण दाबलं की कुणालाच काही करावं लागत नाही. सोय दोघांची आहे. लुबाडला जातो तो तिसरा, आणि तो त्या बैठकीत नसतो.

तंत्रज्ञानच तसं आहे, असं म्हणून कुणी हात झटकू नये. १९८० च्या दशकातल्या आर्कइन्फो या सॉफ्टवेअरच्या कव्हरेज रचनेत सामाईक कड एकदाच साठवली जायची आणि तिच्यापुढे लिहिलेलं असायचं: डावीकडे हे गाव, उजवीकडे ते गाव. शीव ही दोघांची मिळून एकच असते, हे त्या जुन्या रचनेला कळत होतं. पुढे शेपफाईल आली, सोपी म्हणून सगळीकडे पसरली, आणि तिने प्रत्येक पॉलिगॉनला स्वतःची वेगळी कड दिली. तरीही ग्रास हे सॉफ्टवेअर आजही सामाईक कड एकदाच साठवतं, आणि फुकट मिळतं. क्यूजीआयएसमध्ये फटी आणि चढाई शोधून दाखवणारं साधन आहे. एवढंच काय, क्यूजीआयएसचं मर्ज जोडलेल्या फाईलमध्ये दोन जादा रकानेही घालून देतं: हा पॉलिगॉन कुठल्या लेयरमधून आला आणि ती फाईल कुठे होती. मूळ सांगणारे हे दोन रकाने. काम सादर करण्याआधी सर्वांत आधी ते उडवले जातात, टेबल स्वच्छ दिसावं म्हणून. सॉफ्टवेअरने प्रामाणिकपणाची सोय करून दिली होती, माणसांनी ती खोडली.

मला दरवेळी ऐकवलं जातं की अख्ख्या राज्याचा नकाशा हवा आहे, एकेका शिवेवर कोण जात बसणार? हिशेब करून बघा. सपाट नकाशावर शंभर गावं मांडली तर त्यांच्यातल्या आपसातल्या शिवा तीनशेच्या आतच येतात. गणितच तसं आहे. त्यातल्या बऱ्याच शिवांवर फरक इतका किरकोळ असतो की दोन्ही शीटची टिप्पणं पुढ्यात घेऊन टेबलावर निर्णय होतो आणि तो कारणासह लिहून ठेवता येतो. उरलेल्या शिवांसाठी शेतात जायचं. दोन्ही गावांची माणसं बोलवायची, तीन गावं मिळतात तिथला दगड शोधायचा, जीपीएस लावायचा, पंचनामा करायचा. अचूक मोजणीची यंत्रं भूमी अभिलेखकडे आहेत, गावठाणावर ड्रोन उडवून झाले आहेत. दगडापर्यंत चालत जायला नवं तंत्रज्ञान लागत नाही.

माझी मागणी म्हणूनच नेमकी आहे. जोडलेला कोणताही लेयर जोडणीच्या तक्त्याशिवाय स्वीकारू नये. त्या तक्त्यात दर शिवेला एक ओळ हवी: दोन्ही बाजूंची मूळ शीट कोणती आणि कुठल्या वर्षाची, फट किती, चढाई किती, कुठली रेषा ग्राह्य धरली, कशाच्या आधारावर, आणि कुणी. 'कुणी' या रकान्यात माणसाचं नाव आणि हुद्दा लिहायचा, कंपनीचा शिक्का चालणार नाही. जिथे निर्णय झालेला नाही तिथे दोन्ही रेषा नकाशावर तशाच ठेवायच्या आणि मधली पट्टी 'वादग्रस्त' म्हणून वेगळ्या रंगाने दाखवायची. तो नकाशा दोन्ही ग्रामपंचायतींत लावायचा, हरकती मागवायच्या. मूळ लेयर आणि मूळ सांगणारे रकाने कधीही पुसायचे नाहीत. आणि निविदेत जोडकामाला प्रति शीव स्वतंत्र दर द्यायचा. तक्ता आला नाही तर तेवढी रक्कम अडवायची.

ज्या लेयरना 'अखंड' म्हणून मान्यता देऊन झाली आहे, त्यांचंही हेच करायचं. मूळ शीट अजून आहेत, गावागावांच्या वेगळ्या फायली कुठल्यातरी डिस्कवर अजून आहेत. त्या काढा, जोडलेल्या लेयरवर ठेवा आणि कुठल्या गावाची कड किती हलली ते मोजा. ज्या गावाची हलली त्या गावाला लेखी कळवा. ओढ्यातली विहीर ज्यांच्या हद्दीतून गेली, त्या गावापासून सुरुवात करता येईल. त्यांचा प्रस्ताव अजून पडून आहे.